शब्दचर्चा : एल्फांच्या भाषेतलं 'आपलं' आणि 'आमचं'

प्रश्न : टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' कादंबरीच्या जुन्या प्रतीत नायक फ्रोडो गिल्डोर नावाच्या एल्फाला म्हणतो, 'एलेन सीला लूमेन्न ओमेन्तिएल्मो'. माझ्या प्रतीत मात्र 'ओमेन्तिएल्वो' आहे. छापायची चूक कुठली?

उत्तर : एकही नाही. दरम्यान भाषाच बदलली, म्हणजे टोल्किनने कथेतल्या एल्फ लोकांसाठी रचलेली 'क्वेन्या'.

वाक्याचा अर्थ 'आपल्या भेटीच्या घटिकेवर तारा चमकतो'. 'एलेन' तारा. 'लूमे' घटिका, तिला 'न्ना' लागला की 'घटिकेवर'. टोल्किनला ही सवय फिनिश भाषेने लावली, पण विभक्त्या घोकलेल्या मराठी माणसाला त्याचं काय कौतुक! 'ओमेन्तिए' भेट, आणि अगदी शेवटचा 'ओ' षष्ठीचा. गंमत आहे ती मधल्या 'ल्म' आणि 'ल्व'ची.

1954 साली पहिली आवृत्ती आली तेव्हा 'ल्मा' म्हणजे 'आपलं', समोरच्याला धरून. त्याला वगळून 'आमचं' म्हणायचं तर 'म्मा'. त्याच दशकात टोल्किनने ख्रिस्ती प्रार्थना क्वेन्यात केली, ती 'आतारेम्मा'ने, म्हणजे 'आमच्या पित्या'ने, सुरू होते. मराठी बायबलातही 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' असंच आहे. पित्याशीच बोलतोय, त्याला 'आपल्या पित्या' कसं म्हणणार?

पुढे टोल्किनने प्रत्ययांची अदलाबदल केली. 'ल्मा'च्या वाट्याला 'आमचं' आलं आणि 'आपलं'साठी 'ल्वा' ठरला. झालं! जुन्या वाक्यात फ्रोडो गिल्डोरच्या तोंडावर त्यालाच भेटीतून वगळतोय असा अर्थ निघायला लागला. म्हणून साठच्या दशकातल्या दुसऱ्या आवृत्तीत 'ओमेन्तिएल्वो' झालं. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, हिंदीतही 'हमारा' दोन्हीकडे चालतं, त्यामुळे हा फरक त्यांना समजावून सांगावा लागतो. आपल्याकडे नवऱ्याने बायकोलाच 'आज आमच्या लग्नाचा वाढदिवस' म्हणून बघावं.

1915च्या सुमारास क्वेन्याचा पहिला शब्दकोश सुरू झाला, आणि 1973मध्ये वारेपर्यंत टोल्किनची ही खाडाखोड चालूच होती. भाषेच्या नावाचं रोमन स्पेलिंगसुद्धा मध्येच एका अक्षराने वाढलं. देवनागरीत ते कळतही नाही, तेवढीच आपली सोय. तेव्हा क्वेन्या शब्द दिसला की तो कुठल्या सालचा ते आधी विचारायचं.

प्रश्न : मी लग्नाच्या अंगठीवर 'ओमेन्तिएल्मो' कोरून घेतलंय. आता?

उत्तर : कोणी जाणकार भेटलाच तर 1954चं क्वेन्या आहे म्हणून सांगा.