बारावी सायन्सनंतर बीए भूगोल, मुंबईत करावं का?

कळवेकर: बारावी सायन्स झाली. घरी इंजिनीअरिंगचा धोशा, मला भूगोल घ्यायचाय. काका म्हणतात, ‘एमपीएससी द्यायची असेल तर ठीक, नाहीतर मास्तर होशील.’ एमपीएससी मला द्यायचीच नाही. मग भूगोल घेऊन काय होतं? आणि सायन्सवाल्याचं आर्ट्सला गेल्यावर अडतं का?

मिठीकाठची: अडत नाही. उलट सर्व्हेचं गणित आणि स्टॅटिस्टिक्स आलं की आमच्या वर्गात अर्ध्यांचे चेहरे पडायचे, तुझा पडणार नाही.

मी कुर्ल्याची. एमए केलं, आता खासगी कंपनीत जीआयएसचं, म्हणजे कंप्युटरवरच्या नकाशांचं काम करते. पाण्याच्या लाइनी, गटारं, रस्ते नकाशावर चढवायचे. सुरुवातीला दिवसभर सॅटेलाइट इमेजवर इमारतींच्या कडा गिरवल्या, डोळ्यांची वाट लागली. पगारही तेव्हा चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. हे काकांना आत्ताच सांगून टाक.

पण विषय सोडवत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात! आमच्या चाळीत सगळे ‘ढग फुटला’ म्हणून मोकळे झाले. कॉलेजात मिठी नदीचा नकाशा काढायला बसले तेव्हा पुढचं कळलं. विहार-पवईचं ओसंडणारं पाणी घेऊन नदी निघते, विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते, काटकोनात वळवलेली आहे, काठाने भराव, आणि शेवटी माहीमची खाडी. तिथे भरती असली की पाणी बाहेर पडायला जागाच नाही. पाऊस आभाळातला, पण तो आमच्याच गल्लीत का तुंबला ते नकाशात दिसत होतं.

कॉलेज निवडताना एकच विचार: भूगोल मेजर (मुख्य विषय) म्हणून आहे, की नुसता मायनर (जोडविषय)? मग प्रॅक्टिकलची लॅब बघून ये. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या वर्षापासूनच हाताळायला लाग. नुसत्या डिग्रीवर कोणी दारात उभं करत नाही.

टोपोशीटवाले: मास्तर होण्यात वाईट काय, हे काकांना विचारायला हवं. मी आयुष्यभर तेच केलं.

सॉफ्टवेअरची घाई नको, बाळा. आधी टोपोशीट, म्हणजे डोंगर-नद्या-गावं दाखवणारा तपशीलवार नकाशा, वाचायला शीक. १:५०,००० चं शीट घे, त्यावर दर २० मीटर उंचीला एक समोच्च रेषा असते, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. त्या रेषा बघून डोंगर डोळ्यांपुढे उभा राहिला पाहिजे. ज्याला उतार कळत नाही तो कंप्युटरवरही पाणी चढावर वाहवतो, आणि रंगीत प्रिंट काढून देतो! अंधेरीचा गिल्बर्ट हिलही बघून ये. बसाल्टचे उभे खांब, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, आणि भोवती बिल्डिंगांचा गराडा.

मिठीकाठची: सर, पाणी चढावर नेणारे आमच्या ऑफिसात आहेत, नावं घेत नाही.

कळवेकर: दोघांचेही आभार. एमए सोडून पुढे काही?

मिठीकाठची: लोकसंख्या, स्थलांतर यात रस असेल तर देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्या-अभ्यासाची संस्था आहे, १९५६ पासून. रिमोट सेन्सिंग, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास, हवं तर डेहराडूनची आयआयआरएस ही संस्था, इस्रोची. पण तिथे कोर्सागणिक पात्रता बदलते, त्यामुळे बीए की बीएस्सी हे ठरवण्याआधी ती वाच.