दुबईत मुराबहावर गाडी घ्यायचीय, हे व्याजच नाही का?

चिपळूणचा_पोरगा: सलाम सगळ्यांना. दुबईत नोकरी करतो, गाडी घ्यायचीय. इस्लामिक बँकवाला म्हणतो ६० हजार दिरहॅमची गाडी आम्ही घेतो आणि तुम्हाला ६६ हजारांना विकतो, तीन वर्षं हप्ते भरा, यालाच मुराबहा म्हणतात. साध्या बँकेचा हिशोबही जवळपास तेवढाच येतोय, मग फरक कुठाय? अब्बा म्हणतात नाव बदललं म्हणून सूद हलाल होत नाही. त्यांना नीट उत्तर द्यायचंय.

हिशोबनीस: अब्बांची शंका रास्त आहे भाऊ. पण नफ्याला मनाई नाहीये, कुराणात सूरह बकराच्या २७५व्या आयतीत व्यापार हलाल आणि रिबा (व्याज) हराम दोन्ही सांगितलंय. अट एवढीच की नफा घेणाऱ्याने मालाची जोखीम पण घ्यायची. मुराबहात गाडी आधी बँकेच्या मालकीची होते, तेवढ्या वेळात तिला काही झालं तर नुकसान बँकेचं, आणि मगच ती तुम्हाला विकते. एकदा ६६ ठरले की ६६च, हप्ता लांबला म्हणून रक्कम फुगत नाही, लेट फी लावली तरी ती दानात जाते, बँकेच्या नफ्यात नाही. त्यामुळे कागदावरच्या तारखा बघा. आधी तुमचं नुसतं वचन, मग डीलरकडून बँकेची खरेदी, त्यानंतर तुमचा करार. सगळ्या सह्या एका बैठकीत उरकत असतील तर सही करू नका.

खाडीपलीकडे: हे मुराबहाचं झालं. पर्सनल फायनान्सला गेलात तर बऱ्याचदा तवर्रुक देतात, म्हणजे बँक तुम्हाला उधारीवर धातू विकते आणि तुमच्याच वतीने तो तिसऱ्याला विकून रोख हातात ठेवते, तुम्ही तो धातू बघत पण नाही. २००९ मध्ये शारजात इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने असा ठरवून केलेला तवर्रुक नाजायज ठरवला तरी सर्रास चालतो, याचं फार वाईट वाटतं.

रत्नागिरीहून: तुमच्याकडे निवड तरी आहे. इथे भारतात बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्टचं कलम ८ बँकेला मालाची खरेदी-विक्रीच करू देत नाही. २००८ ला रघुराम राजन समितीने व्याजमुक्त बँकिंग सुचवलं होतं, २०१७ ला रिझर्व्ह बँकेने विषयच सोडून दिला.

चिपळूणचा_पोरगा: करार मागवतो, तारखा बघतो. पैसे लवकर फेडले तर त्या ६ हजारातले काही सोडतात का?

हिशोबनीस: सोडू शकतात, पण बरेच उलेमा (धर्मपंडित) म्हणतात ती सूट करारात आधीच अट म्हणून नको, बँकेने स्वतःहून द्यावी. आधी कुणाला किती सोडलीय ते सही करण्याआधी विचारा.