पेरू देशात सोळा दिवस : काय पाहावे आणि काय सोडावे?

दिंडोरीकर

नमस्कार. नाशकात ‘पेरूला चाललो आहोत’ असे सांगितले की ऐकणारा आधी फळच समजतो, म्हणून सुरुवातीलाच खुलासा करतो की प्रश्न दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशाविषयी आहे.

आम्ही दोघे (वय ५९ आणि ५५) पुढील वर्षी जूनमध्ये मुलीकडे अमेरिकेला जाणार आहोत आणि तेथूनच सोळा दिवसांसाठी पेरूला जाऊन यावे असा विचार आहे. दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग असल्यामुळे एप्रिलची खरड छाटणी उरकल्यानंतर आणि ऑक्टोबर छाटणीच्या आधी एवढ्याच काळात आम्हाला घर सोडता येते. एका प्रवासी कंपनीने जो कार्यक्रम दिला आहे, त्यात लिमा, नाझ्काच्या रेषा (वाळवंटात जमिनीवर काढलेली प्रचंड प्राचीन चित्रे), कुस्को, माचू पिचू हे डोंगरावरचे जुने नगर, टिटिकाका सरोवर, अ‍ॅमेझॉनचे जंगल आणि शिवाय दोन दिवस बोलिव्हिया एवढे सगळे बसवले आहे. कागदावर तो भरगच्च दिसतो, पण विमानतळांची संख्या मोजल्यावर माझा उत्साह थोडा ओसरला.

आम्हाला निसर्ग आणि तेथील लोकांचे जगणे, दोन्ही पाहायचे आहे. सौभाग्यवती पूर्ण शाकाहारी आहेत. माझे गुडघे सप्तशृंगीच्या पायऱ्या चढण्याइतपत बरे आहेत, पण चार दिवसांच्या पायपिटीइतके नाहीत. काय ठेवावे आणि काय गाळावे, हे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.

गोदाकाठ

दिंडोरीकर साहेब, बोलिव्हिया आजच खोडून टाका. त्यानंतरचा पहिला प्रश्न ‘काय पाहावे’ हा नसून ‘कोणत्या क्रमाने वर चढावे’ हा आहे, कारण पेरूत अंतरापेक्षा उंची अधिक छळते.

आपला साल्हेर किल्ला १,५६७ मीटर उंच आहे. कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे साल्हेरच्या माथ्याच्या दुपटीहून अधिक उंचीवर वसलेले आहे, आणि बहुतेक कंपन्या समुद्रकाठच्या लिमाहून प्रवाशाला दीड तासाच्या विमानाने थेट तेथे नेऊन टाकतात. आम्हालाही असेच नेले आणि त्याच दुपारी शहरदर्शनाला बाहेर काढले. संध्याकाळी माझ्या पत्नीला उलट्या आणि असह्य डोकेदुखी सुरू झाली, रात्री प्राणवायू लावावा लागला आणि पुढचे दोन दिवस आम्ही कुस्को खोलीच्या खिडकीतून पाहिले.

म्हणून पायरीपायरीने चढा. लिमाहून रस्त्याने दक्षिणेला पाराकास आणि नाझ्का करत किनारपट्टी उरकावी आणि मग सुमारे २,३०० मीटरवरील आरेकिपा येथे तीन रात्री काढाव्यात. हे शहर सिल्यार नावाच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेले आहे, आणि त्याच्या डोक्यावर ५,८२२ मीटर उंचीचा मिस्ती ज्वालामुखी शंकराच्या पिंडीसारखा उभा दिसतो. तेथील सांता कातालिना हा १५७९ मध्ये स्थापन झालेला जोगिणींचा मठ म्हणजे गल्ल्या, चौक आणि रंगीत भिंती असलेले शहरातले दुसरे शहरच आहे. अर्धा दिवस सहज जातो.

आरेकिपाहून कोल्का दरीला जावे. ही दरी काही ठिकाणी तीन हजार मीटरहून अधिक खोल आहे. सकाळी ऊन तापू लागले आणि हवा वर उठू लागली की जवळजवळ तीन मीटर पंखविस्ताराचे कोंडोर पक्षी पंख न हलवता आपल्या पायांखालून वर येतात आणि डोक्यावरून निघून जातात. माझ्या मते संपूर्ण प्रवासातील सर्वांत मोठा क्षण माचू पिचूचा नव्हता, हा होता. वाटेत सुमारे ४,९०० मीटर उंचीची खिंड लागते. तेथे गाडीतून उतरलात तर फोटो काढून लगेच आत बसा, धावपळ करू नका.

त्यानंतर विमानाने कुस्को गाठले तरी तेथे न थांबता सरळ ‘पवित्र खोऱ्या’त, ओयान्तायताम्बोला उतरावे. ते सुमारे २,८०० मीटरवर आहे आणि माचू पिचूची रेल्वे तेथूनच मिळते. माचू पिचू स्वतः सुमारे २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोपेक्षा बरेच खाली आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुस्को शेवटी ठेवले की तोपर्यंत शरीर सरावलेले असते.

आता तिकिटाविषयी. माचू पिचूत आत फिरण्याचे मार्ग ठरवून दिलेले असतात आणि तिकीट त्या मार्गाचे व त्या वेळेचेच मिळते. आमच्या कंपनीने न विचारता पहिल्या मार्गाचे तिकीट काढले, त्यामुळे वरच्या पायरी-शेतांवरून नगर दिसले, पण नगरात पाऊल टाकता आले नाही. तुम्ही दुसरा मार्ग आग्रहाने मागा आणि पासपोर्टवरील नाव तिकिटावर जसेच्या तसे आहे ना, हे पाहून घ्या.

टिटिकाका आणि अ‍ॅमेझॉन यांपैकी एकच ठेवा. मी टिटिकाका सोडेन.

सिन्नरचा वाटसरू

गोदाकाठ यांचा चढणीचा क्रम अगदी योग्य आहे, परंतु टिटिकाका सोडण्याचा सल्ला मला पटत नाही. प्रश्नकर्त्यांनी लोकांचे जगणे पाहायचे आहे असे स्पष्ट लिहिले आहे, आणि ते पाहण्यासाठी ३,८१२ मीटरवरील त्या सरोवरातील ताकिले बेटासारखी जागा नाही. तेथे विणकाम पुरुष करतात. चालता चालता, गप्पा मारता मारता त्यांच्या हातातील सुया चालू असतात, आणि टोपीच्या रंगावरून माणूस विवाहित आहे की अविवाहित हे कळते. युनेस्कोने २००५ मध्ये या वस्त्रकलेची दखल घेतली. तोतोरा नावाच्या लव्हाळ्यांचे थर रचून केलेली उरो लोकांची तरंगती बेटेही जवळच आहेत. तेथे पर्यटकांसाठी मांडलेला देखावा बराच आहे हे मान्य करतो, पण पायाखाली जमीन नसून गवत आहे ही जाणीव खोटी नसते. जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या खाली जातो, तेव्हा लोकरीचे कपडे मात्र हवेतच.

मी सिन्नरचा असल्यामुळे लहानपणापासून गोंदेश्वराच्या मंदिराचे चुन्याविना रचलेले दगड पाहत आलो आहे, म्हणून कुस्कोतील भिंतींपुढे मी इतरांपेक्षा अधिक वेळ उभा राहिलो असेन. स्पॅनिश लोक येण्यापूर्वी तेथे राज्य करणाऱ्या इंका लोकांच्या गवंड्यांकडे लोखंड नव्हते. कठीण दगडाच्या हातोड्यांनी ठोकून आणि घासून त्यांनी बहुकोनी चिरे असे बसवले की सांध्यात सुरीचे पातेही शिरत नाही. भिंती किंचित आत झुकलेल्या आणि दरवाजे वर निमुळते असल्यामुळे त्या भूकंपातही टिकतात. स्पॅनिश लोकांनी कोरिकांचा या सूर्यमंदिराच्या पायावर सांतो दोमिंगोचे चर्च बांधले. १९५० च्या भूकंपात चर्चची मोठी पडझड झाली आणि खालच्या इंका भिंती उभ्याच राहिल्या. त्या शहराचा सगळा इतिहास या एका वास्तूत उभा आहे.

२४ जूनला कुस्कोजवळच्या साक्साय्वामान गडावर इंती रायमी हा सूर्योत्सव असतो. दक्षिण गोलार्धात ते थंडीचे दिवस, म्हणजे आपल्या मकरसंक्रांतीसारखा सूर्य परत फिरण्याचा काळ. आजचे त्याचे स्वरूप १९४४ पासूनचे आहे, जुन्या वर्णनांवरून पुन्हा उभे केलेले. गर्दी आणि दर दोन्ही परवडत असतील तरच ती तारीख साधा. २८ जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपासही हीच स्थिती असते.

आणखी एक सुचवतो, जे कोणत्याही कंपनीच्या कागदावर नसते. आपुरिमाक नदीवर केस्वाचाका नावाचा गवताच्या दोरांचा झुलता पूल आहे. काठावरच्या चार वस्त्यांतील लोक दरवर्षी जूनमध्ये जुना पूल तोडून देतात आणि काही दिवसांत नवा विणतात. बायका दोर वळतात, पुरुष पूल बांधतात. जुळले तर नक्की पाहा.

म्हसरूळची अन्नपूर्णा

वहिनींच्या जेवणाची काळजी करू नका. फक्त ‘शाकाहारी’ या शब्दावर विसंबून राहू नका, कारण भाजीचे म्हणून आणलेले सूप पुष्कळदा मांसाच्या किंवा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेले असते. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो’ (मांस, कोंबडी, मासे नकोत) हे शब्द पाठ करा आणि सूपाविषयी वेगळे विचारा.

उकडलेल्या बटाट्यांवर पिवळ्या मिरचीची आणि चीजची दाट चटणी घातलेला ‘पापा आ ला वांकाइना’ हा पदार्थ आम्ही जवळजवळ रोज खाल्ला. बोराएवढे दाणे असलेला मका ताज्या चीजबरोबर रस्त्यावर मिळतो. जांभळ्या मक्यात दालचिनी, लवंग आणि अननसाची साल उकळून केलेले ‘चिचा मोराडा’ हे बिनदारूचे पेय तर मी घरी करून पाहण्याचा अयशस्वी प्रयत्नही केला आहे. ‘रोकोतो’ मात्र ढोबळी मिरची समजून चावू नका. ती दिसते भोळी, पण चांगलीच तिखट असते.

बटाटा ही तेथील अँडीज पर्वतांनीच जगाला दिलेली गोष्ट आहे, आणि त्या पर्वतांत त्याच्या चार हजारांहून अधिक देशी जाती आहेत. तुम्ही जाल तोच ‘चुन्यो’ करण्याचा हंगाम असतो. रात्रीच्या हिमात बटाटे उघड्यावर पसरतात, सकाळी पायांनी तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. तो बटाटा वर्षानुवर्षे टिकतो. आपल्या वाळवणांना वैशाखाचे ऊन लागते, त्यांच्या वाळवणाला हिमही लागते.

कुस्कोत उतरल्यावर कोका पानांचा चहा देतात आणि तेथे तो कायदेशीर आहे. त्याची पाने किंवा पुड्या आठवण म्हणून पिशवीत टाकू नका. भारतात आणि अमेरिकेत दोन्हीकडे तो गुन्हा ठरतो.

दिंडोरीकर

सर्वांचे मनापासून आभार. बोलिव्हिया खोडला. एक विचारायचे राहिले : पाराकास-नाझ्काच्या वाटेवर इका हा द्राक्षांचा प्रदेश लागतो असे वाचले. युरोपच्या बाजारात आमच्या मालाच्या आधी ज्यांचा माल येऊन बसतो, त्यांची बाग पाहावी अशी फार इच्छा आहे. जूनमध्ये काही दिसेल का?

ओझरचा बागाईतदार

घड दिसणार नाहीत, कारण त्यांची काढणी साधारण ऑक्टोबरनंतर सुरू होऊन मार्चपर्यंत चालते. पण बाग पाहण्यासारखीच आहे. समुद्रातील थंड हम्बोल्ट प्रवाहामुळे त्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही, म्हणून आपल्यासारखी अवकाळीची आणि गारपिटीची धास्ती त्यांना नाही. सगळी शेती ठिबकवर, अँडीजमधून येणाऱ्या नद्यांच्या आणि भूजलाच्या पाण्यावर चालते. भूजलाची पातळी खाली चालली आहे, तेव्हा हेवा जपूनच करावा. त्याच थंड प्रवाहामुळे समुद्रात मासळी अमाप आहे, आणि म्हणून पाराकासजवळच्या बायेस्तास बेटांवर पेंग्विन, सागरसिंह आणि लाखो पक्षी दिसतात.

नाझ्काच्या रेषांसाठी लहान विमानात सुमारे अर्धा तास बसावे लागते आणि ते दोन्ही बाजूंना कलते, त्यामुळे न्याहारी बेताचीच करा. पण शेतकऱ्याने नाझ्कात खरे पाहावे ते कांतायोकचे पुकियो. जमिनीखालून पाणी आणणारे ते प्राचीन पाट आहेत, आणि त्यांवर गोगलगाईच्या शंखासारख्या दगडी विहिरी आहेत. त्यांतून आजही पाणी वाहते. आपल्या बागलाणातील फड पद्धतीचे बंधारे ज्याने पाहिले आहेत, त्याला तेथून हलवत नाही.

दिंडोरीकर

मग ठरले. लिमा, पाराकास, इका, नाझ्का, आरेकिपा, कोल्का, तेथून रस्त्याने टिटिकाका, आणि शेवटी पवित्र खोरे, माचू पिचू व कुस्को. अ‍ॅमेझॉन सोडले. सौभाग्यवतींना पोपट पाहायचे होते, पण ताकिलेच्या पुरुषांचे विणकाम ऐकल्यावर त्यांनीच मत बदलले.

गोदाकाठ

उत्तम. कोल्काहून टिटिकाकाला जाताना उंची पुन्हा वाढते, तेव्हा पहिला दिवस रिकामा ठेवा. वैध अमेरिकी व्हिसा असल्यास भारतीयांना पेरूसाठी वेगळा पर्यटक व्हिसा लागत नाही, मात्र त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी. जंगल सोडले तरी पीतज्वराच्या (यलो फीव्हर) लशीचा प्रश्न उरतो : पेरू सोडल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल तर दाखला मागतात, आणि लस किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. मुलीकडे आठवडाभर राहून परतणार असाल तर तो प्रश्न येत नाही. साठीच्या आसपास ही लस घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक असते, म्हणून परतीची तारीख आधी ठरवा आणि मगच लशीचे पाहा.