जुनी ऑडी टीटी घ्यावी का? ओझरहून विचारतोय

द्राक्षबाग_ओझर:

नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय.

पुण्यात एक ऑडी टीटी बघून आलो. २००९ ची, २.० टीएफएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल, एस-ट्रॉनिक म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. क्वात्रो म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी नाही, ताकद फक्त पुढच्या चाकांना. ६८,००० किमी झालेत, दोन मालक झाले, मी तिसरा. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर मालकाने पासिंग करून घेतलंय, पुढच्या ५ वर्षांचं. साडेअकरा लाख सांगतोय.

बारावीत होतो तेव्हा क्लासला सायकलवर जाताना कॉलेज रोडला एका बंगल्यासमोर ही गाडी उभी असायची, चंदेरी रंगाची. छताची ती गोलाई बघायला मी रोज दोन मिनिटं थांबायचो. यंदा माल चांगल्या भावाने गेला, म्हणून हिंमत करतोय. वडील म्हणतात, या पैशात आधी शेततळ्याचा कागद बदल.

मला दोन गोष्टी कळायला हव्यात. ही खरंच चालवायची गाडी आहे, की आत सगळी फोक्सवॅगनची गोल्फच आणि वरून फक्त रूप? आणि घेण्याआधी नेमकं काय उघडून बघू? नाशिकमध्ये कोणी वापरत असेल तर कृपया सविस्तर सांगा.

घाटवाट_सातपूर:

भाऊ, मन मोडायचं नाही, पण २०११ नंतरची स्कोडा लॉरा व्हीआरएस बघितलीस का? १.८ टीएसआय, १६० अश्वशक्ती, पाच माणसं बसतात, डिकीत द्राक्षाची क्रेट्स मावतात. कसारा घाटात मी ती सात वर्षं चालवली, कधी कमी पडली नाही. टीटीची मागची सीट लहान पोरांपुरतीच. आई-वडिलांना वणीला देवीच्या दर्शनाला नेणार कसं?

अंबड_ग्राइंडिंग:

ओझरकर, तुझा प्रश्न वाचला आणि शॉप बंद करून लिहायला बसलो. माझ्याकडे याच इंजिनाची २००८ ची टीटी आहे, २०१६ पासून. घेतली तेव्हा ४१,००० झालेले, आता ९३,०००. मी अंबडला ग्राइंडिंगची जॉबवर्क करतो, त्याआधी मायकोत (आताच्या बॉशमध्ये) अप्रेंटिस होतो. म्हणजे मायक्रॉनमध्येच आयुष्य गेलं. त्यामुळे मला या गाडीचं जे आवडतं ते आधी लोखंडात दिसतं, मग रस्त्यावर.

गोल्फचा सांगाडा आहे का? हो, पाचव्या पिढीच्या गोल्फचाच प्लॅटफॉर्म. इंजिन पुढे आणि आडवं. अशा गाडीचं नाक जड असतं, वळणात ती सरळ जायला बघते. हे ऑडीच्या लोकांना माहीत होतं, म्हणून त्यांनी बॉडीच वेगळी केली. दुसऱ्या पिढीच्या टीटीच्या बॉडीत ६९ टक्के ॲल्युमिनियम आहे आणि उरलेलं पोलाद. पण खरी गंमत टक्केवारीत नाही, कुठे काय घातलंय त्यात आहे. बॉनेट, पुढची मडगार्डं, पुढचा सगळा भाग ॲल्युमिनियमचा. पोलाद घातलंय मागच्या फ्लोअरला, दारांना आणि डिकीच्या झाकणाला. नाक हलकं केलं आणि शेपटीला मुद्दाम वजन ठेवलं. दोन धातू एकाच बॉडीत जोडणं फार किचकट काम. साधं वेल्डिंग चालत नाही, रिव्हेट आणि चिकटद्रव्य लागतं, नाहीतर सांध्यात गंज धरतो. एवढा खटाटोप त्यांनी फक्त वळणासाठी केला. म्हणून ‘वरून फक्त रूप’ हे मला मान्य नाही.

त्यामागे एक धडाही आहे. पहिली टीटी १९९८ ची, पोलादी बॉडीची. जर्मनीत ऑटोबानवर फार वेगात अचानक लेन बदलताना किंवा वळणात तिचे अपघात झाले, माणसं गेली. मग कंपनीने गाड्या परत बोलावून सस्पेन्शन बदललं, मागे स्पॉयलर लावला, ईएसपी म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा दिली. तुझ्या गाडीतला स्पॉयलर आपोआप वर येतो तो १२० ला. समृद्धीवर कमाल मर्यादाच १२०, म्हणजे आपल्याकडे तो एरवी दिसणारच नाही. आत बटण आहे, ते दाबून वर येतो का आणि परत बसतो का ते बघ.

आता चालवायला कशी. २०० अश्वशक्ती, २८० न्यूटन मीटर, आणि तो टॉर्क १८०० आरपीएमपासून ५००० पर्यंत सपाट मिळतो. गाडी १३०० किलोच्या आत. कागदावर १०० चा वेग ६.४ सेकंदांत, पण तो आकडा विसर. दिंडोरी, वणी, बोरगाव ओलांडून हातगडकडे चढायला लागलास की कळेल. तिसऱ्या गिअरमध्ये वळणाच्या आधी ब्रेक सोडायचा, स्टिअरिंग थोडंच फिरवायचं, आणि नाक आत येतं. आपण बसतो खोल, कंबर जवळजवळ गाडीच्या मधोमध, त्यामुळे मागचं चाक काय करतंय ते पाठीला समजतं. मागचं सस्पेन्शन मल्टिलिंक आहे, वळणात खड्डा आला तरी गाडी उडी मारून बाजूला सरकत नाही. मात्र स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, हलकं आहे, रस्ता हाताला फारसा सांगत नाही. हे मला पहिल्या दिवसापासून खटकतं, अजूनही. आणि पावसात चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबलास तर पुढची चाकं घसरतात. तेव्हा घाई करायची नाही. क्वात्रो नाही याचं दुःख करू नकोस, हॅल्डेक्सचं, म्हणजे क्वात्रोत मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या क्लचचं, ऑइल आणि त्याची कटकट वाचली.

आता उघडून काय बघायचं.

सगळ्यात आधी कॅम फॉलोअर. यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यासाठी ११० बारपर्यंतचा दाब लागतो. तो दाब करणारा पंप इनटेक कॅमशाफ्टच्या, म्हणजे हवेचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, टोकावर बसतो. कॅम आणि पंप यांच्यामध्ये एक छोटी वाटी असते, साधारण अंगठ्याच्या पेराएवढी. तिच्या तळाला काळा, टणक मुलामा असतो. ती वाटी झिजते. झिजणारी वस्तूच आहे ती, ब्रेक पॅडसारखी, आणि तशीच वेळेवर बदलायची. बदलली नाही तर तळाला भोक पडतं आणि मग कॅमशाफ्टही खराब होतो. तीन बोल्ट काढले की पंप बाहेर येतो, पण आधी लाइनमधला दाब उतरवायचा, गरम इंजिनावर पेट्रोल उडतं. मी माझी वाटी काढून शॉपमधल्या मायक्रोस्कोपखाली धरली होती. मधोमध मुलामा गेलेला, चंदेरी रिंग, तिच्या कडेला केसासारखे ओरखडे, सगळे एकाच दिशेने. बोटाला अजून काही लागत नव्हतं, पण डोळ्यांना स्पष्ट दिसत होतं. मी ती ७२,००० ला बदलली, आणि आता दर २०,००० ला बघतो. तुझ्या गाडीचे ६८,००० झालेत. मालकाकडे बदलल्याचं बिल नसेल तर उघडायला लावच.

दुसरं, टायमिंग बेल्ट. या इंजिनाला बेल्ट आहे, चेन नाही. किलोमीटर कमी असले तरी रबर वयाने कडक होतं. वॉटर पंपासकट बदलल्याचं बिल माग.

तिसरं, इनटेक व्हॉल्व्हवरचा कार्बन. पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून जातच नाही, म्हणून त्या धुतल्या जात नाहीत. डांबरासारखा थर बसतो आणि थंड असताना गाडी थरथरते. अक्रोडाच्या टरफलांची बारीक भुकटी हवेच्या दाबाने मारून तो काढतात, धातूला ओरखडा जात नाही. म्हणून इंजिन पूर्ण थंड असताना पहिला स्टार्ट तू स्वतः मार. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

गिअरबॉक्स ओल्या क्लचचा सहा गिअरवाला आहे, चांगला आहे, पण त्याचं ऑइल आणि फिल्टर दर ६०,००० ला बदलावंच लागतं. मी घेतल्यावर एका गॅरेजने मला ‘हे लाइफटाइम ऑइल आहे’ सांगून परत पाठवलं होतं. ऐकू नकोस. चढावर ब्रेक सोडून गाडी हळू सरकू दे, धक्का किंवा थरथर जाणवली तर विचार कर.

सस्पेन्शनचे बरेचसे बुश आणि आर्म लॉरा-जेट्टाशी जुळतात, नाशिकमध्ये मिळतात. बॉडीचं आणि आतलं सामान मात्र महाग, वाट बघावी लागते. पेट्रोल ९५ ऑक्टेन किंवा त्यावरचंच घाल. त्याहून कमी ऑक्टेनवर इंजिन स्वतःला सांभाळायला इग्निशन मागे घेतं, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतं, आणि टॉर्क कमी होतो.

आणि जाताना फ्रिजवरचं चुंबक घेऊन जा. बॉनेट आणि पुढच्या मडगार्डला चिकटता कामा नये. दारांना आणि डिकीला चिकटलं पाहिजे. उलट झालं तर मला फोटो टाक.

सिन्नरफाटा_सर्व्हेअर:

काकांच्या चुंबकात माझी भर. मी वाहन विम्याच्या सर्व्हेचं काम करते. ॲल्युमिनियमला ठोकून सरळ करणारे कारागीर कमी आहेत, आणि पोलादावर वापरलेली अवजारं तशीच ॲल्युमिनियमवर वापरली तर लोखंडाचे कण रुततात आणि रंगाखाली फोड येतात. म्हणून बॉनेट उघडून कडेचे रिव्हेट बघ, सगळ्यांची डोकी सारखी हवीत. पुढच्या मडगार्डच्या आतल्या कडेवर बोट फिरव, सीलंटची रेघ एकसारखी लागली पाहिजे. आणि विमा घेताना आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, किती देतात ते सौद्याच्या आधी विचार. गाडी इतकी जुनी असली की तो आकडा आपल्या अपेक्षेच्या बराच खाली येतो, मोठा अपघात झाला तर तेवढेच हातात पडतात.

द्राक्षबाग_ओझर:

ताई, काका, दोघांचे मनापासून आभार. सातपूरचे दादा, लॉरा खरंच चांगली, पण आई-बाबांसाठी घरी बोलेरो आहे.

काल सकाळी सातला पोचलो, मालकाला आदल्या रात्रीच सांगितलं होतं की गाडी सुरू करू नका. थंड स्टार्टला पहिली दहा-बारा सेकंद थरथर होती, मग शांत. स्पॉयलर वर आला, खाली बसला. चुंबक बॉनेटवरून घसरलं, दोन्ही मडगार्डवरून घसरलं, दारांना आणि डिकीला टक्‌ करून बसलं. रिव्हेट मला तरी सारखे वाटले. दार उघडताना काच बोटभर खाली सरकते, ते बघून मी पुन्हा बारावीत गेलो.

बेल्टचं बिल २०२१ चं आहे, वॉटर पंपासकट. फॉलोअरचं बिल नाही. मालकाच्या ओळखीच्या मेकॅनिकने समोर पंप काढला. मुलामा मधून गेलाय, चंदेरी रिंग साधारण दहा रुपयांच्या नाण्याच्या मधल्या भागाएवढी, भोक नाही. कॅमवर नखाला काही लागलं नाही. गिअरबॉक्स ऑइलचं बिलही नाही. काका, थांबू की पुढे जाऊ?

अंबड_ग्राइंडिंग:

पुढे जा. कॅम गुळगुळीत आहे म्हणजे वेळेत बघितलंस. मात्र त्या वाटीवर गाडी पुण्याहून नाशिकला आणू नकोस, तिथेच नवीन बसव. सौद्यात फॉलोअर, गिअरबॉक्सचं ऑइल-फिल्टर आणि कार्बन साफसफाई, तिन्हीचे पैसे कमी करून घे. बेल्ट अजून एक हंगाम बघू, मग बदलू.

वडिलांना सांग, शेततळ्याचा कागद पावसाळ्याआधी नक्की बदलणार, आणि खरंच बदल. जुनी वाटी फेकू नकोस, येताना रुमालात गुंडाळून आण. मायक्रोस्कोप इथेच आहे.