मदत हवी आहे: झुलत्या पुलावर पाय गोठतात आणि आईला मुक्तिनाथला न्यायचंय

मंडळी, नमस्कार. वय ४८, सोलापूरला नवी पेठेत कापडाचं छोटं दुकान. आमचा मुलूख तव्यासारखा सपाट. उंचीचा अनुभव म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतला आकाशपाळणा, तोही मी खालूनच बघतो.

गल्लीतले चौदा जण नोव्हेंबरात नेपाळातल्या मुक्तिनाथला निघालोय. आई ७१ वर्षांची, सगळ्यांत उत्साही तीच. पोखराहून जाताना वाटेत कुश्मा लागतं. तिथं कालीगंडकी नदीवर लांबलचक, पायी जायचा झुलता पूल आहे. खाली शंभर मीटरहून खोल दरी. बस रस्त्यानेच जाते, पुलावर जायची सक्ती नाही, हे मला ठाऊक आहे. कृपया तेवढंच सांगू नका. आईने व्हिडिओत तो पूल पाहिला आणि "शाळिग्राम ज्या नदीत मिळतो ती वरनं बघायची" असं ठरवूनच टाकलं. हात धरायला मी.

दुखणं जुनं आहे. २०१८ साली ऋषिकेशला लक्ष्मणझुल्यावर गेलो होतो (पुढच्या वर्षी तो बंदच झाला). तिसरा हिस्सा गेलो असेन, मागून स्कूटरचा हॉर्न, समोरून गाय. पूल हलला आणि मी खालीच बसलो. मित्र ओरडतोय, "काय घाबरलालास बे, गाय जाते की!" शेवटी आईने शर्टाला धरून परत आणलं. अजून गल्लीत कुणाला चहा पाजायचा कंटाळा आला की हा किस्सा निघतो.

आता रोज रात्री मोबाईलवर पूल बघत बसतो. चीनमधल्या झांगजियाजीचा काचेचा पूल, ४३० मीटर लांब आणि ३०० मीटर उंच; सुरू करण्याआधी काचेवर घण घालून दाखवले, वरून गाडी नेली. चेक देशातला तर ७२१ मीटर. पाकिस्तानातल्या हुंझामधल्या हुसैनी पुलाच्या फळ्यांमध्ये माणूस जाईल एवढ्या फटी. त्यात गुजरातेतल्या मोरबीचा झुलता पूल कोसळल्याची बातमी डोक्यातून जात नाही. उपाय सांगा. गोळी, मंत्र, काहीही.

लोखंडी_माणूस:
दादा, आधी ते व्हिडिओ बंद करा. मी पुलांच्या कामावर असतो. हलणं म्हणजे बिघाड नव्हे, केबलवरचा पूल हलणारच. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. पूल जरा बाजूला सरकला की लोक तोल सावरायला नकळत त्याच तालात पाय टाकायचे, त्यामुळे तो आणखी डुलायचा. डँपर (डुलणं शोषून घेणारी यंत्रं) बसवले, २००२ मध्ये पुन्हा उघडला. पण तो पडला नव्हता. मोरबीला काय झालं? तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात मुख्य केबलच्या ४९ पैकी २२ तारा आधीच गंजलेल्या होत्या, वर प्रचंड गर्दी. म्हणजे बघायचं ते गंज आणि गर्दी, डुलणं नाही. चौदा जण एका तालात चालू नका, हे मात्र खरं. १८३१ मध्ये इंग्लंडमधला ब्रॉटनचा पूल कवायतीच्या पावलांनी चालणाऱ्या सैनिकांखाली कोसळला. तेव्हापासून पुलावर पाऊल मोडून, म्हणजे एका तालात न पडता, चालायचा हुकूम देतात.

पायवाट:
नेपाळातल्या असल्या तीन-चार पुलांवरून गेलेय. खाली लोखंडी जाळी असते, नदी आरपार दिसते, तिकडे बघू नका. समोरच्या टोकाचा खांब बघत राहायचं. मध्ये थांबू नका, थांबलं की हलणं जास्त जाणवतं. कठडा घट्ट आवळायचा नाही, नुसता हात सैल टेकवून ठेवायचा. सकाळी लवकर जा, गर्दी नसते. आणि आईंना पुढे चालू द्या, तुम्ही मागे. त्यांची पाठ बघत चाला.

खुळखुळा:
व्हँकुव्हरच्या कॅपिलानो पुलावर (१४० मीटर लांब, ७० मीटर उंच) १९७४ मध्ये प्रयोग झाला होता. डुलणाऱ्या पुलावर भेटलेल्या बाईला नंतर फोन करणारे पुरुष, पक्क्या पुलावरच्यांपेक्षा जास्त निघाले. भीतीची धडधड त्यांना आकर्षण वाटली म्हणे. तेव्हा काका, धडधडलं तर आनंद झालाय असं समजा. नंबर मात्र आईसमोर मागू नका.

डॉ_कडकभाकरी:
पूल सोडा हो. सोलापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटरवर, मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर. ७१ व्या वर्षी पुलापेक्षा विरळ हवेची काळजी करा. बीपी आणि हृदय तपासून घ्या, वर चढताना मध्ये मुक्काम ठेवा. डोकं दुखलं, उलटी झाली, धाप लागली तर आणखी वर न जाता खाली उतरा. आणि तुम्ही चक्करेची गोळी मनानं घेऊ नका. गुंगी येते, पुलावर नकोच.

धागाकर्ता:
डॉक्टर, आईची तपासणी सोमवारी करतोय. पायवाट ताई, तुमचं ऐकून काल रात्री आईला घेऊन स्टेशनच्या पादचारी पुलावर गेलो. खालून मालगाडी गेली, सगळं थरथरलं, मी तिची पाठ बघत निघालो. पलीकडे पोचल्यावर कळलं, ती मागेच उभी राहून डबे मोजत होती. तरी पोचलो. आता तिचाच एक प्रश्न आहे: त्या जाळीवर चपलेचा अंगठा अडकतो का, की बूट घ्यायला लावू?