शेतात राहणाऱ्यांची वस्ती : वाडी, मळा, मजरे की आणखी काही?

विचारणा

एका तालुक्याच्या माहितीपुस्तिकेचा मजकूर लिहिताना एका शब्दावर अडलो आहे. चार-दोन घरे, भोवती त्यांचीच शेते आणि पुढचे घर हाकेच्या पलीकडे, अशा ठिकाणाला सर्वसाधारण नाव काय द्यावे? ‘खेडे’ म्हटले की पार, चावडी, देऊळ आणि भिंतीला भिंत लागलेली घरे डोळ्यांसमोर येतात. ‘वाडी’ लिहिले तर कोकणातले वाचक निराळाच अर्थ घेतील, अशी शंका वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपली शंका रास्त आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वाडी हा गावाचा घटक असतो आणि अनेक वाड्या मिळून एक गाव होते. तिथला माणूस गावाचे नाव सांगून झाल्यावर वाडीचे सांगतो. अलिबाग-मुरूडकडे मात्र वाडी म्हणजे नारळ-पोफळीची बाग, मग तिच्यात घर असो वा नसो. देशावरची वाडी ही मूळ गावापासून फुटून निघालेली, पुष्कळदा स्वतःची ग्रामपंचायत असलेली लोकवस्ती असते. संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण घातलेली जागा, त्यावरून वाडा आणि वाडी आले, हे लक्षात घेतले की बाग आणि घरे या दोन्ही अर्थांची संगती लागते. तरीही आपल्या पुस्तिकेसाठी हा शब्द फार पसरट आहे, असे माझे मत आहे.

आपण वर्णन केलेल्या ठिकाणाला सातारा, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत सरळ ‘वस्ती’ म्हणतात. देशावरचे गाव पूर्वापार गावठाणात एकवटलेले. पुढे विहीर-बागायत वाढली, उसाला रात्री-अपरात्री पाणी द्यावे लागू लागले, गुरांची आणि पिकांची राखण आली, तशी कुटुंबे गावठाण सोडून रानात राहायला गेली आणि त्या घरांना आडनावावरून जाधव वस्ती, माने वस्ती अशी नावे पडली. बागायत जमिनीवरच्या अशाच घरांना ‘मळा’ हे नावही चालते, पण मळा मुळात जमिनीचे नाव आहे, घरांचे नव्हे.

या शब्दाची खरी गंमत त्याला लागणाऱ्या प्रत्ययांत आहे. ‘आम्ही वस्तीवर राहतो’ म्हणजे शेतातल्या घरात राहतो. ‘वस्तीत राहतो’ असे पुण्या-मुंबईत म्हटले तर ऐकणारा बहुधा झोपडपट्टी समजतो. ‘वस्तीला राहिलो’ म्हणजे केवळ रात्रीच्या मुक्कामाला थांबलो, आणि म्हणूनच रात्री गावात थांबून पहाटे सुटणारी एसटी ही ‘वस्तीची गाडी’ ठरते. लिहिताना ‘वस्तीवर’ हे रूप जपले तर अर्थाचा घोटाळा होत नाही. जिथे तेवढ्यानेही भागत नसेल तिथे ‘शेतवस्ती’ म्हणावे.

दप्तरातला एक जुना शब्दही आठवला म्हणून नोंदवतो : ‘मजरे’. हा मूळ अरबी शब्द असून त्यात पेरणीचा, पेरलेल्या शेताचा अर्थ आहे. मूळ गावाच्या हद्दीत लागवडीसाठी गेलेल्या लोकांची लहान वस्ती ती मजरे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मजरे कारवे, मजरे कासारवाडा या नावांत तो टिकून आहे. व्युत्पत्तीने पाहिले तर आपल्या अर्थाला याहून नेमका शब्द मिळणे अवघड, पण आज तो नावाला चिकटलेला तेवढा उरला आहे आणि ‘मी मजऱ्यात राहतो’ असे कोणी म्हणत नाही.

पुरवणी, विदर्भातून

वरचे विवेचन देशापुरते पटते, पण ‘वस्ती’ साऱ्या महाराष्ट्राला लागू करू नये. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात कोलाम आदिवासींच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात, चंद्रपूरच्या राजुरा-जिवती भागात ‘गुडा’, गोंदियाकडे ‘टोला’, आणि बंजारा समाजाचा तो ‘तांडा’, जो शब्द पूर्वी बैलांवर माल लादून फिरणाऱ्या काफिल्याचा होता. पालघर-नंदुरबारच्या ‘पाड्या’ची गोष्ट तर केवळ नावापुरती नाही. पेसा, म्हणजे आदिवासी (अनुसूचित) क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीच्या कायद्याच्या (१९९६) व्याख्येनुसार एक पाडा किंवा पाड्यांचा समूहही गाव ठरू शकतो, म्हणजे स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. तिथे पाड्याला ‘वस्ती’ लिहिणे मला तरी चुकीचे वाटते.

आणखी एक. शेती आहे आणि माणूस एकही राहत नाही, अशी गावेही महसुली यादीत असतात. त्यांचे क्षेत्र आणि सातबारे वेगळे असतात, जमीन शेजारच्या गावचे लोक कसतात. विदर्भात अशा गावाच्या नावापुढे ‘रीठ’ किंवा ‘रिठी’ लागते. दप्तरी भाषेत त्यालाच ‘बेचिराख’ म्हणतात. या शब्दाचा राखेशी मुळात संबंध नाही. फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव, आणि त्याचे कारण रोगराई, दुष्काळ, स्थलांतर काहीही असू शकते. पुढे ‘चिराग’चा ‘चिराख’ झाला, लोकांना त्यात ‘राख’ ऐकू येऊ लागली, आणि आता वर्तमानपत्री मराठीत बेचिराख होण्यासाठी बॉम्ब नाहीतर आगच लागते. पुस्तिकेत ‘बेचिराख गाव’ आले तर तिथे एक खुलाशाची ओळ अवश्य द्यावी, नाहीतर वाचक गाव कधी जळाले ते शोधत बसेल.

विचारणाऱ्याकडून

दोघांचेही आभार. मथळ्यात ‘विरळ लोकवस्तीचा शेतीचा भाग’ असे वर्णनच ठेवतो आणि आमचा तालुका देशावरचा असल्यामुळे मजकुरात ‘वस्ती’ वापरतो. यादीत काही ठिकाणांची नावे जातिवाचक आहेत. अशी नावे बदलण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला असल्याने तिथे नवी नावे घालतो. तालुक्यात ‘मजरे’ लागलेले एक गाव आहे, त्याला आपण सांगितलेला अर्थ तळटीपेत देईन.