जहाजावर ग्रीक कॅप्टन, साध्या जेवणाचे ग्रीक शब्द पाहिजेत

रंकाळा_काठ
नमस्कार मंडळी, धाकट्या भावाला जहाजावर मेसमनचं जॉइनिंग आलंय, कॅप्टन आणि चीफ इंजिनिअर दोघंपण ग्रीक. बोलणं इंग्लिशमध्येच असतं पण टेबलावर चार शब्द त्यांच्यातले आले तर बरं पडतं म्हणून ब्रेकफास्ट, लंच, डिनर, ब्रेड, बॉइल्ड एग, राइस, लेन्टिल सूप अशी यादी ॲपमध्ये घातली, तर डिनरला एकदा दीप्नो येतंय एकदा व्राधिनो. नक्की कुठलं? ग्रीक लिपी नको, देवनागरीत लिहा, पोरगं तसंच पाठ करणार हाय.

भटारखाना
भावा, मी ग्रीक ऑफिसरांच्या जहाजावर कुक होतो. जेवणाची नावं वेळेवरनं पडलीत, प्रोई म्हणजे सकाळ म्हणून नाश्ता प्रोइनो, मेसिमेरी म्हणजे दुपार, त्याचं मेसिमेरिआनो, आणि व्राधी म्हणजे संध्याकाळ, त्याचं व्राधिनो. रोजच्याला हेच. दीप्नो म्हणजे जरा थाटाचं, बोलावून घातलेलं जेवण, येशूच्या शेवटच्या जेवणाला पण दीप्नोसच म्हणतात, मेसमध्ये कशाला ते.
ब्रेड प्सोमी, जोर शेवटच्या मीवर, आणि सुरुवातीचा प गिळायचा नाही. पाणी नेरो, मीठ अलाती, तांदूळ-भात रीझी. अंडं अव्गो, उकडलेलं व्रास्तो अव्गो, आणि हाफ फ्राय पाहिजे असेल तर अव्गा मात्या म्हणतील, मात्या म्हणजे डोळे, प्लेटमध्ये बघितलं की कळतंय का ते. चहा त्साई.
लेन्टिल सूप म्हणजे फाकेस. आपल्या अख्खा मसूरच्या लांबच्या पाहुण्यातलं समज, पण फोडणी नाही काही नाही, कांदा लसूण तमालपत्र आणि ऑलिव्ह ऑइल, आणि ताटात वाढल्यावर वरनं व्हिनेगर. व्हिनेगरची बाटली टेबलावर नसली तर लगेच विचारतात.

शाहूपुरीची_ताई
दादा, सगळ्यात महत्त्वाचं राहिलं की. ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो! आपल्या कानाला ते 'नै' वाटतं, कॅप्टन अजून वाढ म्हणतोय आणि हा भांडं घेऊन परत चाललाय असं व्हायचं. नाही म्हणजे ओही. काहीजण तोंडानं बोलतच नाहीत, नुसती मान वर उचलून च्यक करतात, ते पण नाहीच.
आणि बुधवार-शुक्रवार, शिवाय ईस्टरच्या आधी बरेच दिवस त्यांच्यातले काही उपास धरतात, त्या जेवणाला नीस्तिसिमो म्हणतात. मटण, अंडी, दूध, चीज बंद, पण कोळंबी आणि माकुल चालतं 😄 असला उपास आपल्याकडं निघाला तर निम्मं कोल्हापूर रोज धरंल.

रंकाळा_काठ
लई भारी, धन्यवाद दोघांना. त्या 'ने'ची प्रॅक्टिस आत्तापासनं घरात चालू केलीय, आई वैतागलीय. तिनं कांदा-लसूण चटणीचा मोठा डबा भरून ठेवलाय, म्हणते साहेबांना पण दे. तिखटाला काय म्हणायचं?

भटारखाना
काफ्तेरो. पण त्याला शिकव 'ओही काफ्तेरो', आणि डबा केबिनमध्येच ठेवायला सांग मर्दा.